भिंत गार झाली

ऐक ना, आधी नुसतं ऐक. मध्ये 'मग? मग?' करू नकोस, तुझी ती सवय मला माहितीये, माझा धागा तुटतो आणि मी भलतंच काहीतरी सांगत बसते. चहा निवला तरी चालेल.

तर आत्या. मी तिच्याकडे राहते ते तुला माहितीये, चष्म्याचं दुकान तिथून पायी जाण्यासारखं आहे म्हणून बाबांनी मला तिच्या पदरात टाकलं. सगळ्यात वरचा मजला, लिफ्ट कायम आजारी, एक हॉल, स्वयंपाकघर आणि आत तिची खोली. आत्याने उभा जन्म टेलिफोनच्या कचेरीत काढला, कानाला ते डबडं लावून ह्याला त्याच्याशी जोडून दे, त्याला हिच्याशी. त्यामुळे कान असे तिखट की खालच्या मजल्यावर कुणी नळ नीट बंद केला नाही तरी हिला वर कळतं. मी गच्चीच्या जिन्यात जाऊन फोनवर कुजबुजले तरी स्वयंपाकघरातून आवाज येतो, "त्याला म्हणावं आधी नोकरी शोध, मग भेटायला ये."

तिची खोली पश्चिमेला. उन्हाळ्यात दुपार कलली की ती भिंत अशी तापायची की हात टेकवशील तर चटका. आत्या म्हणायची, सदरा भिंतीला लावून उभी राहा, इस्त्री होऊन निघतो. आता विनोद म्हणून ठीक आहे, पण याच खोलीत काका, म्हणजे आत्याचे यजमान, गेले. दोन उन्हाळ्यांपूर्वी. दुपारी आडवे झाले ते उठलेच नाहीत. डॉक्टरांनी हृदय म्हणून लिहिलं. त्याच आठवड्यात आमच्या भागातली वरच्या मजल्यांवरची बरीच म्हातारी माणसं अशीच हृदयाने गेली, तेव्हा काय ते समज.

आणि ताईने नेमकं ते समजून घेतलं. माझी ताई, तू भेटलीयेस तिला, हसायचं असेल तर आधी परवानगी काढते ती. तिची कंपनी जुन्या इमारती गार करायचं काम करते, एसी न लावता. एसी घर गार करतो आणि सगळी धग रस्त्यावर ओततो, म्हणजे ज्याच्याकडे एसी नाही तो आणखी भाजून निघतो, हे ती तुला जेवताना सांगेल, जिना चढताना सांगेल, कुणाच्या वाढदिवसाला केक कापत असतानासुद्धा सांगेल. काका गेल्यावर तिने ध्यासच घेतला, ही इमारत शहराच्या घरं गार करायच्या योजनेत बसलीच पाहिजे. किती खेटे घातले, कुणाकुणाची तोंडं बघितली. आणि बसवली तिने. आधी आमच्या खालचा रस्ता उकरला, डांबर काढून टाकलं, दोन्ही कडांना झाडं लावली, मधून पाणी मुरायला उथळ चर काढला, त्यात लव्हाळी. पहिल्यांदा सगळ्यांनी नाकं मुरडली, डास होतील म्हणून. डास झालेही. पण डास झाले तशा पाकोळ्या आल्या.

पाकोळ्या तू बघितल्यास ना? काळपट, कोयत्यासारखे पंख, संध्याकाळी घोळक्याने किंचाळत इमारतींच्या मधून सुसाट जातात. जमिनीवर कधीच बसत नाहीत. घरटं करायला फक्त एखादं भोक लागतं, छताखाली वीट निखळलेली असली की बास.

तर त्यातली एक जोडी आत्याच्या भिंतीत शिरली. बाहेर परांची बांधली जात होती, ताई रोज खिडकीबाहेरून टोपी घालून ये-जा करायची, आणि आत्याने तिला खिडकीतूनच थांबवलं. म्हणाली, "अगं, माझ्या भिंतीत कुणीतरी राहतंय."

ताई म्हणाली, "पाल असेल."

"पाल जेवण मागते होय? मी पेला लावून ऐकलंय. दोन आहेत. एक हावरट आहे."

आता ते काम कसं असतं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. त्या जुन्या इमारतींच्या भिंती दुहेरी असतात. बाहेर एक विटांची, आत एक विटांची, मध्ये चार बोटं पोकळी. बाहेरून बारीक भोकं पाडायची, पाइप घालायचा, आणि थर्माकोलचे मण्यांएवढे दाणे डिंकाचा फवारा मारत आत फुंकायचे. पोकळी खालून वर भरत येते, बरणी भरावी तशी. डिंक सुकला की आतल्या आत जाड रजई झाली. मग ऊन बाहेर कितीही आपटू दे, आत येत नाही. आणि फुंकण्याआधी प्रत्येक भोकातून वायरीएवढा कॅमेरा आत घालून बघायचं, कुणी आहे का. असेल, तर ती अख्खी बाजू थांबवायची, पिल्लं उडेपर्यंत. हा नियम कुणी आणला असेल त्यांच्या कंपनीत? आमच्या ताईनेच, भांडून.

म्हणजे बघ कशी अडकली ती. पश्चिमेची बाजू थांबवली तर खालपासून वरपर्यंत सगळी घरं त्या उन्हाळ्यात पुन्हा भट्टीत. आणि त्यात दुसऱ्या मजल्यावरचे मास्तर आहेत, अंथरुणाला खिळलेले, त्यांना बाहेरच्या खोलीत हलवायचीही सोय नाही. नाही थांबवली तर दोन पिल्लं जिवंत चिणायची. ताई त्या रात्री जेवली नाही, नुसती ताटात बोटं फिरवत बसली.

आत्या म्हणाली, "एवढं काय त्यात. बाकीच्यांच्या भिंती भर. माझ्या खोलीची राहू दे."

"आत्या, याच भिंतीने..."

"भिंतीने नाही, हट्टाने गेले ते. हॉलमध्ये झोपा म्हणून घसा सुकला माझा. त्यांचं आपलं, माझी खाट, माझी उशी. मग जा म्हटलं."

हे ती अशा सुरात म्हणाली ना, की आम्ही दोघी खाली बघायला लागलो.

ताई म्हणाली, निदान तू हॉलमध्ये झोप तोवर. आत्या 'हो हो' म्हणाली आणि त्याच रात्री तिच्या खोलीत जाऊन झोपली. कारण काय, तर पिल्लं पहाटे काय बोलतात ते ऐकायचं होतं.

मग ताईने तसंच केलं. खालचे मजले भरले, आत्याच्या जमिनीपाशी आणून थांबवलं. तिच्या खोलीच्या डाव्या-उजव्या कडेला पोकळीत उभे ब्रश घातले, बाटली धुवायचा ब्रश असतो ना, तसे पण पुरुषभर लांब. त्यांच्यातून दाणे पलीकडे जात नाहीत. मी विचारलं, वरून? ताई म्हणाली, "वर काय, वर आकाश." आणि तिला मी हसवलं म्हणून मी खूश.

आणि आत्याला एक खेळणं मिळालं. ताईने तिच्या खाटेच्या डोक्याशी आतून एक बारीक भोक पाडून दिलं, त्याला कापसाचा बोळा. आठवड्यातून एकदा ताई यायची, बोळा काढून कॅमेरा घालायची आणि आम्ही तिघी त्या छोट्या पडद्यावर डोकी आपटत बघायचो. पिसांची आणि कचऱ्याची एक चकती, तिच्यावर दोन काळी गाठोडी. आधी उघडीनागडी, मग काट्याकाट्यांची, मग पिसं फुटली. आणि मग काय करायला लागली माहितीये? दोन्ही पंख जमिनीला टेकवून अंग वर उचलायचं, खाली टेकायचं, पुन्हा उचलायचं. जोर काढतात अगं. पंखांत ताकद यावी म्हणून. कारण एकदा भोकातून बाहेर पडलं की सराव नाही, थेट उडायचं. आत्याने त्यांची नावंच ठेवली, थोरला पैलवान आणि धाकटा पैलवान. धाकटा दोनदा अंग उचलून झोपायचा. आत्या म्हणायची, हा आपल्या बाबांवर गेलाय. म्हणजे माझ्या बाबांवर, तिच्या भावावर.

खिडकीत उभी राहून ती आईबापांची वाट बघायची. ते दिवसभर हवेतल्या हवेत किडे गोळा करतात आणि गळ्यात त्याची गोळी करून आणतात, गळा असा फुगलेला दिसतो, गालफुगीसारखा. आत्या मला हाक मारायची, "ये लवकर, डबा आला." काका गेल्यापासून ती इतकी बोलत नव्हती. खरंच. दिवाच विझल्यासारखी झाली होती, आणि आता मी दुकानातून आले की चप्पल काढायच्या आत मला पैलवानांच्या बातम्या.

पण ती खोली. मी हॉलमध्ये झोपायचे, हॉलची भिंत भरलेली, रात्री पांघरूण घ्यावं वाटे इतका फरक. आणि मध्ये फक्त दार. ते उघडलं की चुलीचं तोंड उघडल्यासारखं अंगावर यायचं. आत्या ओला टॉवेल मानेवर घेऊन आत बसलेली. एक दिवस संध्याकाळी ती मोरीपाशी कोसळली. मी दुकानातून आले तर दाराला टेकून बसलेली, ओठ पांढरे, मला म्हणते, "काही नाही, पाय घसरला." डॉक्टर आले, रक्तदाब बघितला आणि त्यांनी सरळ सांगितलं, या बाईंना या खोलीतून हलवा, पुढच्या वेळी मला बोलवायची वेळ येणार नाही.

तरी ही हलेना. "थोडेच दिवस राहिले त्यांचे. एवढं केलं आणि शेवटाला पाठ फिरवू?" मी रडले, भांडले. ताई फोनवर ओरडली. आत्या म्हणाली, "तुम्ही दोघी एकाच वेळी बोलू नका, लाइन खराब येते."

मी काय करणार? रात्री उठून उठून तिच्या नाकाशी हात धरायचे. असं वाटायचं की आता ती पिल्लं लवकर उडू देत नाहीतर मीच त्यांना धरून उडवीन.

आणि एक दिवस मी घरी आले, आत्याच्या खोलीचं दार उघडलं आणि अंगावर काही आलंच नाही.

कळतंय तुला? धगच नाही. संध्याकाळची वेळ, बाहेर रस्ता पेटलेला, आणि आत्या खाटेवर पाय पसरून वाचत बसलेली, टॉवेल दोरीवर कोरडा. मी भिंतीला हात लावला. नुसती कोमट. मला म्हणाली, "बघ. कालपासून जाणवतंय मला, म्हटलं भास असेल. मी त्यांचं राखलं, त्यांनी माझं राखलं." आणि हसली, दात दिसतील अशी. त्या रात्री ती घोरली. मी हॉलमध्ये पडल्या पडल्या ऐकत होते आणि मला इतकं हलकं वाटलं, काय सांगू. किती दिवसांनी मी सलग झोपले.

सकाळी उठल्या उठल्या ताईला फोन लावला, बातमी पहिली मला द्यायची होती ना. म्हटलं, ताई, चमत्कार झाला, आत्याची खोली गार झाली.

ती म्हणाली, "कशी होईल?"

मी म्हटलं, छताचंही काम केलंत ना तुम्ही, वर माणसं होती की परवा, त्यानेच असेल.

"छत अजून सुरूच झालं नाहीये. परवा फक्त गच्चीचा कठडा भरला त्यांनी, त्याच दाण्यांनी." आणि तिथेच थांबली. मी 'हॅलो हॅलो' करतेय. मला वाटलं लाइन गेली. मग म्हणाली, "आत्याला काही बोलू नकोस. मी येतेय."

मला काहीच कळलं नव्हतं, शपथ. ती आली तेव्हा कळलं. खालून वर येताना गच्चीवाल्यांचा मुकादम तिला जिन्यात भेटला, मी दार उघडून उभी होते, मला ऐकू येत होतं. तो आपला गमतीत म्हणतोय, "बाई, तुमचा कठडा फार खादाड निघाला. टाकतोय टाकतोय, पोटच भरेना त्याचं. खाली कुठे पाझरतोय की काय?"

ताई जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिली.  त्याला काय दोष द्यायचा? भिंत भिंतवाल्यांची, गच्ची गच्चीवाल्यांची, दोन वेगळ्या तुकड्या. ताईच्या नकाशात भिंत गच्चीपाशी संपते. पण विटांना काय माहीत नकाशा? पोकळी तशीच वर कठड्यात गेलेली. डावीकडे ब्रश, उजवीकडे ब्रश, खालून भरलेलं, आणि वर आकाश.

आत आली, आत्याला म्हणाली, जरा कॅमेरा घालून बघते. आत्या एकदम खूश, "थांब, चष्मा आणते, माझ्याशिवाय बघू नका." आणि हॉलमध्ये गेली. ताईने बोळा काढला. भोकातून पांढरे दाणे घरंगळले, थोडेसेच, उशीवर पडले. ताईने त्यांच्यावर तळहात ठेवला. दुसऱ्या हाताने वायर आत सारली. आत जात नव्हती, मग थोडी गेली. मी तिच्या खांद्यावरून बघत होते. सगळं पांढरं. पडदाभर पांढरं, आणि खालच्या कोपऱ्यात एक काळी तिरपी रेघ. पंखाचं टोक.

आत्या डोळ्यांवर चष्मा चढवत आली, मीच बनवून दिलेला तो. "दाखव."

ताईने वायर ओढून घेतली. आवाज इतका साधा, इतका साधा काढला तिने, की मला आजही तो कानात येतो. म्हणाली, "उडाली, आत्या. घरटं रिकामं आहे."

आत्या खाटेवर बसली. त्या दाण्यांच्या बाजूलाच, ताईची मूठ आता मिटलेली होती. म्हणाली, "दोघंही?"

"दोघंही."

"तरीच दोन दिवस आवाज नव्हता. मला वाटलं तू म्हणाली होतीस ना, जायच्या आधी गप्प होतात, खाणं सोडतात. म्हटलं तयारी चाललीये." आणि मग, "धाकटा पण गेला? त्याचे जोर कुठे झाले होते पुरते."

ताई म्हणाली, "गेला. नीट गेला."

आणि मी काय करत होते? मी पण मान हलवली.

खाली गेल्यावर ताई त्या नव्या झाडांच्या आळ्यापाशी बसली आणि मूठ उघडून ते दाणे बघत राहिली. म्हणाली, वरच्या विटा काढून सगळं उपसून काढता येईल, दोन दिवसांचं काम आहे. पण मग आत्याला कळेल आणि खोली पुन्हा तापेल आणि तिला त्या खोलीतून कुणी हलवू शकणार नाही, कारण मग ती तिथे बसून त्यांचं सुतक धरेल. मी म्हटलं, राहू दे ताई. किती दिवसांनी झोपलीये ती. तुला सांगते, तेव्हा मला ते बरोबरच वाटलं. आजही निम्मं वाटतं.

दोन-तीन दिवस छान गेले. म्हणजे तिला छान. शेजारणीला सांगून आली, आमचे पैलवान परदेशी गेले. पुढच्या वर्षीसाठी ते बाहेरचं भोक तसंच ठेवायचं म्हणाली, त्याच्यापुढे काही टांगायचं नाही.

मग एक दिवस मी आले तर ती खिडकीत. हाक नाही, बातमी नाही. मी जवळ गेले. संध्याकाळ होती, पाकोळ्यांचा घोळका लांब चालला होता, आणि त्यातली एक वळून आली, सरळ भिंतीकडे, भोकाला पाय लावून लटकली, डोकं आत घातलं, काढलं, आणि गेली. थोड्या वेळाने पुन्हा. गळा फुगलेला.

आत्या वळली नाही. माझ्याकडे न बघता म्हणाली, "उडाली असतील, तर ही डबा कुणाला आणते गं?"

  मी म्हटलं, "सवय असेल. पक्षीच ते. विसरत असतील." मला माझंच ऐकून लाज वाटली.

"हं," म्हणाली.

पाखरू पुन्हा आलं. दोघी बघत राहिलो. आत्याने मागे हात नेला आणि भिंतीवर ठेवला, चटका बसतो का बघावं तसा, आणि तो हात तिथेच राहिला. तिला काय आणि कसं जुळलं असेल मला माहीत नाही, जन्मभर लोकांना जोडून द्यायचंच काम केलंय तिने. इतकंच म्हणाली, "म्हणून गार झाली."

मी रडायला लागले. तिने मला जवळ घेतलं नाही, टाकूनही बोलली नाही.  मग म्हणाली, "ताईला कळता कामा नये, मला समजलंय ते. ती पोरगी हे काम सोडून देईल. काकांसाठी धरलंय तिने. मास्तर किती दिवसांनी शांत झोपतात, त्यांची सून सांगत होती. तू तोंड उघडायचं नाहीस. समजलं?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

त्या रात्री तिने आपली वळकटी उचलली आणि हॉलमध्ये माझ्या शेजारी टाकली. खोलीचं दार ओढून घेतलं. तेव्हापासून त्या खोलीत कुणी झोपत नाही. घरातली सगळ्यात गार खोली आहे अगं ती आता, आणि आम्ही दोघी हॉलमध्ये दाटीवाटीने. कपाटातले कपडे काढायला मी आत जाते तेवढंच, तेही पटकन. पाखरं आणखी थोडे दिवस येत होती. मग यायची थांबली. आत्या तेव्हापासून खिडकीत उभी राहत नाही. बोलते, नाही असं नाही. नळ टपकतोय म्हणून खाली निरोपही धाडते. पण मी जिन्यात फोनवर काय बोलते त्यावर परवा काहीच म्हणाली नाही, तेव्हा मला इतकं भरून आलं. म्हटलं बोल की काहीतरी, शिव्या दे त्याला.

आणि ताई. ताईने कंपनीत सांगितलं नाही. पण आता प्रत्येक इमारतीत ती स्वतः गच्चीवर जाते आणि कठड्याखाली हाताने आडवा ब्रश ठासते, घरटं असो नसो. साहेब विचारतात, फुकट वेळ का घालवता, तर म्हणते, माझी पद्धत आहे. बारीक झालीये फार. दर रविवारी येते, आत्या तिला चहा देते, कामाचं विचारते, पुढची इमारत कुठली, तिथल्या म्हाताऱ्यांना त्रास आहे का. ताई सगळं सांगते. आणि निघताना मला दारापाशी हळूच म्हणते, बरं झालं तिला कळलं नाही. तेवढ्यावर उभी आहे ती, मला दिसतं ना.

तर काल. काल रविवार होता. ताई निघाली, मी तिला सोडायला जिन्यापर्यंत गेले, आणि ती दोन पायऱ्या उतरून थांबली. वर बघून म्हणाली, "खरं सांग. आत्या हॉलमध्ये का झोपते? ती खोली तर गार आहे."

आत आत्या कपबशा विसळत होती. आणि ताईने हे विचारलं आणि नळाचा आवाज थांबला. ती ऐकत होती. तुला माहितीये तिचे कान.

मी म्हटलं, "माझ्याशी गप्पा मारायला. एकटीला करमत नाही तिला." ताईने माझ्याकडे बघितलं, बघतच राहिली, आणि मान हलवून खाली गेली. नळ पुन्हा सुरू झाला.

तिला पटलं की नाही मला माहीत नाही. मी बरोबर केलं की नाही तेही माहीत नाही. एक जिन्यात उभी, एक मोरीपाशी, दोघी एकमेकींना सांभाळतायत आणि मी मध्ये. आता बोल. आता बोललीस तरी चालेल. माझ्या जागी तू असतीस, तर काय केलं असतंस?